अळणी दिवसांच्या काचा

वाशीम, चैत्र वद्य षष्ठी, १९३४

राजुल, काल तुझं सुतक फिटलं आणि आज सकाळी मी तुझ्या फोटोंच्या काचा धुवायला काढल्या आहेत. मागच्या अंगणात चुलीवर हंडा चढवला आहे. शेजारी पापडखार, काथ्याचा चोथा, जुन्या लुगड्याची फडकी. पाणी उकळलं की काचा त्यात सोडायच्या, वरचा थर सुटला की घासायच्या, पुसून कोरड्या करायच्या आणि उद्या सकाळी गणपत सुतार आला की त्याच्या हवाली करायच्या. देवळात शास्त्रांचे ग्रंथ ठेवायला नवं कपाट करून घेतलं आहे, तुझ्या नावानं. त्याच्या दारांना या काचा बसायच्या आहेत. तुझ्या दादांनी, माझ्या भासऱ्यांनी, तसं ठरवलं. घरात काचांवरचा हाडाचा सरस नको आणि काच देवाच्या कामी लागेल, असं त्यांचं म्हणणं. काम मला सांगितलं, कारण घरातली सगळी धुणीपुसणी मलाच सांगितली जातात.

लाकडं झटकून, किडे पाहून मगच चुलीत घातली आहेत, तुझ्या पद्धतीनं. त्यामुळे पाणी तापायला वेळ आहे. तोवर लिहिते.

बारा दिवस बायका येऊन बसल्या आणि प्रत्येकीनं तुला 'बिचारी' म्हटलं. बिचारी राजूबाई, काय पाहिलं तिनं संसारात. मी मान खाली घालून ऐकलं, कारण अशा वेळी तसंच करायचं असतं. पण कागदावर मला कोणी अडवत नाही. तू बिचारी नव्हतीस. बिचारी बाई कॅमेऱ्याची तीन पायांची लाकडी घोडी खांद्यावर घेऊन उन्हात नाल्यात उतरत नाही. काय पाहिलं म्हणतात! पळस फुलला की त्यावर बसणाऱ्या साळुंक्यांची कपाळं परागानं पिवळी होतात, हे या गल्लीत तुझ्याखेरीज कोणी पाहिलं होतं?

आपल्या जैनांत पिंड नाही, त्यामुळे कावळ्याची वाट पाहणंही नाही. असतं तर तुला हसू आलं असतं. घाटावर इतकी माणसं उभी राहून त्या पाखराकडे टक लावून बघतात आणि वर म्हणतात, येत कसा नाही. आधी सगळ्यांना तिथून उठवा, म्हणाली असतीस.

तुला सासरहून परत पाठवलं तेव्हा मी या घरात नवी होते. दागिने त्यांनी ठेवून घेतले. कॅमेरा पाठवला, कारण तो त्यांच्यापैकी कोणाला वापरता येत नव्हता. तुझ्या नवऱ्यानं तुला शिकवला होता, लग्नानंतरच्या त्या थोड्या दिवसांत. ती पेटी दमणीतून उतरवताना तू गाडीवानाच्या हातात दिली नाहीस, स्वतः कडेवर घेतलीस, हे मला आठवतं. तेव्हा मला वाटलं, ही पोरगी रडेल. तू विचारलंस, "वैनी, या घरात अंधारी खोली कोणती हाये?" मी धान्याची कोठी दाखवली. तिच्या झरोक्याला तू लाल कापड लावलंस आणि त्या दिवसापासून ज्वारी काढायला मला तुझी परवानगी लागायला लागली.

सुरुवातीला तू माणसांचे फोटो काढायला निघालीस. गल्लीत लग्न होतं. नवरीचा फोटो काढते म्हणालीस. कोणी नाही म्हटलं नाही, नुसत्या सगळ्या बायका एकदम कामाला लागल्या. कोणी तांदूळ निवडायला घेतले, कोणी नवरीला आत नेलं. विधवेनं काचेतून रोखून पाहिलेली नवरी कोणाला हवी होती? तू घोडी मिटलीस आणि घरी आलीस. मी म्हटलं, "जाऊ दे." तू म्हणालीस, "माणसायले माह्या तोंडाची भीती वाटते वैनी. पाखरायले सगळ्याच माणसायची वाटते. तिथं बरोबरी हाये."

असा तुझा पाखरांचा धंदा सुरू झाला. बायका म्हणाल्या, दुःखात मन रमवते. काहीही! तुझा अपमान झाला होता आणि तू दुसरं गिऱ्हाईक शोधलंस.

आपलं वावर आसेगावच्या वाटेला, नाल्याच्या काठी. फाल्गुनात पळसापासून तुझं सुरू व्हायचं ते चैत्र संपेपर्यंत. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या असायच्या, त्याच वाळक्या पऱ्हाट्यांचा तू एक आडोसा करायचीस, एका माणसापुरता. त्यात शिरून कॅमेऱ्याचं तोंड फटीतून बाहेर काढायचं. पण पाखरू शहाणं. माणूस आत शिरलेला त्यानं पाहिला की ते फिरकतच नाही. म्हणून तू युक्ती काढलीस. दोघींनी जायचं, दोघींनी आडोशात शिरायचं, मग एकीनं बाहेर पडून मोठ्यानं खोकत, बांगड्या वाजवत निघून जायचं. पाखराला वाटतं, माणूस गेला. त्याला दोन आणि एक यातला फरक कळत नाही.

निघून जाणारी मी. तुझ्या हातात बांगड्या नव्हत्या, माझ्या होत्या. या सगळ्या काचांमध्ये माझं काम एवढंच, तुझ्याबरोबर जायचं आणि तुला तिथं सोडून परत फिरायचं. मी विहिरीवर जाऊन बसायची, कैऱ्या निवडायची, सालदाराच्या बायकोशी भांडायची. तू फडकं हलवलंस की पुन्हा यायची. आता उलटं झालं आहे. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही, झालं आहे एवढंच.

तू कधी विचारलं नाहीस मला ते आवडतं का. विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, घरी पापड वाळत घातलेत, मला कुठे वेळ. पण आवडायचं. घराबाहेर, डोक्यावर कोणी नाही, आणि परत फिरताना मागे वळून पाहायचं नाही अशी तुझी ताकीद, कारण मी वळले तर पाखरू बुजेल. मी कधी वळले नाही.

आणि दमणी मिळायची कशी, ते तरी या बायकांना कुठे माहीत. आपल्याकडे धाकटी सून भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. पदर पुढे ओढायचा, दाराआड उभं राहायचं, जे सांगायचं ते तिसऱ्या माणसाच्या तोंडून. या घरात तिसरं माणूस तू. दादा बैठकीत, मी दारामागे, मध्ये उंबऱ्यावर तू शेंगा फोडत बसलेली.

"राजू, तुह्या वैनीले विचार, डाळ किती राह्यली."

"राजुल, सांग, चैत्र निघंल."

"दादा, वैनी म्हणते चैत्र निघंल. अन तुमाले दोघायले एकमेकाचं ऐकू येऊन राह्यलं, मंग मी कायले मंधात?"

"तू बस तिथंच."

"वैनी असं बी म्हणते का उद्या दमणी पाह्यजे. वावरातल्या कैऱ्या पाहाच्या हायेत तिले."

मी काही म्हटलेलं नसायचं. पण खोडून काढायला मला दादांशी बोलावं लागलं असतं, आणि ते तर चालत नव्हतं. दादा म्हणायचे, "बरं, जुंपायले सांग." अशा किती कैऱ्या मी पाहून आले! मैलभर गेल्यावर मी तुला म्हणायची, माझ्या नावानं खोटं बोललीस तर जिभेला काटा टोचेन. तू म्हणायचीस, "खोटं कुठं? हे पाय, कैरी." आणि खरंच झाडाकडे बोट दाखवायचीस.

मग तो सरसाचा चैत्र आला. त्या वर्षी विहिरीचं पाणीसुद्धा कोमट लागत होतं. तू कोठीत काच धूत होतीस, माझ्याच हातचं दुहेरी फडक्यानं गाळलेलं पाणी. इतकं निवळ पाणी वाशीमच्या कोणत्या फोटोवाल्याला मिळत नसेल, असं तू म्हणायचीस. त्या दिवशी तू हाक मारलीस ती वेगळी होती. मी कणीक तशीच टाकून आले. काचेवरचा थर सुटून बशीत आला होता, दुधावरच्या सायीसारखा, आणि त्या सायीवर खंड्या पाखरू सुरकुतून पडलं होतं. तू ते बोटानं उचललंस. वास घेतलास. दुसऱ्या दिवशी एक बिघडलेली काच तू गरम पाण्यात ठेवलीस आणि पाणी आटवलंस. तळाशी जे राहिलं ते बोटांना चिकटलं.

"हा तं सरस हाये, वैनी. सुताराचा सरस. हाडाचा, चामड्याचा."

आपण पाणी गाळतो, गाळल्यावर फडक्यातले जीव परत विहिरीत सोडतो, दिवस मावळल्यावर चूल पेटवत नाही. आणि पाखरू मारायचं नाही म्हणून ज्या काचेवर तू ते धरायचीस, ती काच अशी. तू कोठीचं लाल कापड काढलंस. मला ज्वारी मोकळी झाली, पण बरं वाटलं नाही.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, जनावर तुझ्यासाठी कोणी मारलेलं नाही. तू म्हणालीस, खाटीकही असंच म्हणतो, मी नाही कापलं तर दुसरा कापेल. मी म्हटलं, मग मंदिरातल्या मृदंगाला काय केळीचं पान लावलंय? तू म्हणालीस, मृदंगाचं मृदंगवाल्यानं पाहावं. माझं मला पाहू दे. पण तेव्हा एक गोष्ट मनात होती, ती बोलायची राहिली. आपण बायका जन्मभर दुसऱ्यांनी ठरवलेलं पाप-पुण्य सांभाळतो. हे एक पाप तुझं तू शोधून काढलं होतंस, स्वतःच्या नाकानं. मला त्याचा हेवा वाटला होता.

वर्षभर तू कॅमेऱ्याला हात लावला नाहीस. वावरात मात्र येत राहिलीस, नुसती बघायला. आणि पुढच्या चैत्रात टिटवी सापडली. नाल्याच्या काठी, वावराच्या कडेच्या गोट्यांत तिनं अंडी घातली होती. घरटं कसलं, चार गोटे बाजूला सारलेले, आणि अंडी इतकी गोट्यांसारखी की माझा पाय त्यावर पडायचा राहिला. तू आडोशातून रोज पाहायचीस. एक दिवस भर दुपारी धावत विहिरीवर आलीस, तोंड लाल झालेलं.

"वैनी, ते टिटवी पोट भिजवून राह्यली! डबक्यात बसते, पोटाचे पीस भिजवते, अन तशीच ओली येऊन अंड्यायवर उभी राह्यते. पाणी पाजून राह्यली अंड्यायले!"

मी म्हटलं, ऊन लागलंय तुला. पाणी पी आणि गप बस. दुसऱ्या दिवशी तू मला आडोशात बसवलंस आणि स्वतः निघून गेलीस, बिनबांगड्यांची, नुसतं मोठ्यानं गाणं म्हणत. मी पाहिलं. टिटवी आली, पोट काळं ओलं, पायांवरून थेंब. ती अंड्यांवर पाय फाकून उभी राहिली आणि खालचे गोटे भिजले. मग अलगद बसली. मला वाटलं, हिचा चैत्र आणि माझा चैत्र फार वेगळा नाही.

आपला सालदार तीच अंडी वखराखाली घेणार होता. टिटवी ओरडली की घरातलं माणूस जातं, असं तो मानतो. तो कशाला, सगळेच मानतात. तू त्याला समजावलंस, तो हो हो म्हणाला. हो हो म्हणणाऱ्या माणसाचा अर्थ तुला माहीत होता. त्या दिवशी तू कॅमेरा पुन्हा काढलास आणि संध्याकाळी मला स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, "उद्या माह्या ताटात मीठ नको घालू."

मला वाटलं व्रत असेल. ते व्रतच होतं, पण तुझ्या हिशेबानं. एक काच, एक दिवस अळणी. काच खर्ची पडली की दुसऱ्या दिवशी वरण अळणी, भाजी अळणी, भाकरी अळणी. फोटो चांगला आला तरी आणि बिघडला तरी. मला तुझ्यासाठी वेगळी भांडी चढवावी लागायची आणि मी चरफडायची. पण त्यामुळे झालं काय, की तू उगाच काच वाया घालवायचं सोडलंस. घटका घटका नुसती बसून राहायचीस. पाखरू अगदी जसं हवं तसं उभं राहिल्याशिवाय तुझा हात हलायचा नाही. तुझे त्यानंतरचे फोटो आधीच्यांपेक्षा चांगले आहेत. ते मीठ त्यांत उतरलं आहे, मी सांगते.

टिटवीचा कागदावरचा फोटो तू सालदाराला नेऊन दाखवलास. त्यानं तो उन्हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "हे तं पाणी भरून राह्यली बाई," तो म्हणाला. "आमच्या घरच्यावानी." बस एवढंच. पण वखर त्या तुकड्याला वळसा घालून गेला, आणि त्यानंतर दर चैत्रात वळसा घालतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. ज्यांना बिचारीनं काय केलं असं वाटतं त्यांनी तो वळसा जाऊन बघावा. मोठा आहे, नांगरटीत लांबून दिसतो.

या वेळी तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा टिटवीचे दिवस होते. तू विचारलंस, "आली काय?" मी म्हटलं, पाहून सांगते. नुसतं आली म्हणून तुला गप्प करता आलं असतं, घरात सगळे तेच करत होते. डॉक्टर उद्या येतील, ताप उतरेल, अंगात शक्ती येईल. मी वावरात गेले, पाहिलं, परत आले. "आली. नाल्यापलीकडं बसली, गेल्या साली होती त्याच्या वरच्या अंगाले." तू डोळे मिटून म्हणालीस, "तिथं सकाळचं ऊन तिरपं येते. दुपारी जा लागते." एवढा ताप असताना तुझ्या डोक्यात उन्हाची दिशा पक्की होती.

शेवटी घरात णमोकार चालू होता. सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते. बाहेरच्या लिंबावर तांबट टुक टुक करत बसला होता, तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा. तुझं एक बोट पांघरुणावर हलत होतं. बायका म्हणाल्या, जप मोजते आहे. तू तांबटाच्या ठेक्यावर होतीस. मी शेजारी बसले होते, मला दिसत होतं. मी त्यांना सांगितलं नाही. दोन्ही खरं असेल.

पाणी उकळलं आहे. उठते.

षष्ठी, दुपार टळल्यावर

काचा धुतल्या नाहीत. सांगते कसं झालं ते.

पहिली काच मी हातात घेतली आणि उन्हाकडे धरली. टिटवीच होती. काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं, त्यामुळे ओलं पोट उजळ दिसत होतं. मी ती परत फडक्यावर ठेवली. उकळलेलं पाणी वाया घालवायचं नव्हतं म्हणून त्यात सुतकातल्या चादरी भिजवल्या. धुणं चालू असतानाच तुझे दादा जेवून मागच्या दारात आले. मी पदर ओढला आणि भिंतीकडे सरकले. ते नेहमीच्या सवयीनं उंबऱ्याकडे पाहून म्हणाले, "राजू, तुह्या वैनीले विचार, काचा..."

आणि थांबले.

उंबऱ्यावर कोणी नव्हतं. ते तसेच उभे राहिले, तोंड अर्धं उघडं. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तरी पदराआडून.

मी पदर मागे केला. "काचा धुतल्या नाईत," मी म्हटलं. "अन धुवाच्या बी नाईत."

त्यांनी मागे वळून पाहिलं, मी कोणाशी बोलते आहे ते. "कोणाशी बोलून राह्यली?" त्यांनी भिंतीला विचारलं.

"तुमच्याशीच, दादा. आता मंधात कोणी राह्यलं नाई." इतक्या वर्षांत त्यांना हाक मारायची वेळच आली नव्हती. तुझंच 'दादा' उसनं घेतलं.

ते भिंतीशीच बोलत राहिले. घरात हाडाचा सरस नको. काच मंदिरात लागली तर राजूलाच पुण्य. मी म्हटलं, "त्या कपाटाचे सांधे गणपतनं कायनं धरले? मंदिरामागं त्याचं सरसाचं मडकं उकळून राह्यलं होतं. तुमाले वास नाई आला?"

"ते सुतारकाम हाये."

"अन हे?"

"हे पाखरं हायेत." जणू त्यातच सगळं आलं.

तुझं ते जुनं वाक्य तेव्हा मला आठवलं, मृदंगाचं मृदंगवाल्यानं पाहावं. माझा कपाटाचा मुद्दा तुला पटला नसता. म्हणून मी तो सोडला आणि तुझा मुद्दा धरला.

"तुमची बहीण अळणी कायले जेवत होती, माहीत हाये?"

"उपास असन. बायका करतात."

"एका काचेमागं एक दिवस मीठ सोडलं तिनं. न सांगता. मी रांधलं, म्हणून मले माहीत. सरसाचं जे काय पाप होतं ते तिचं तिनं ओळखलं, तिचं तिनं फेडलं. आता तुमी मले काय धुवायले सांगता? सरस धुवू का तिचं फेडणं धुवू?"

माझा आवाज चढला होता. शेजारच्या अंगणातली मुसळाची ठोकाठोक थांबली. थांबू दे.

दादा खाली बसले, ओट्याच्या कडेवर. त्यांनी फडक्यावरची काच उचलली, दोन्ही हातांनी, आणि आभाळाकडे धरली. बराच वेळ धरली. "काय हाये हे?"

"टिटवी."

"अपशकुनी असते ते."

"तुमच्या बहिणीले बी लोक तेच म्हणत."

ते काच खाली ठेवायला लागले तेव्हा मी म्हटलं, थर खाली नका करू, खरवडते. त्यांनी ती सुलटी केली. उठताना भिंतीला नाही, चुलीला विचारलं, "मंग कपाटाले काच कुठून? ते तं उद्या लागते. मंदिरात सांगून बसलो मी."

"पाहीन मी," मी म्हटलं.

राजुल, हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तू असतीस तर म्हणाली असतीस, धुवून टाक वैनी, पाहून झाल्या. तुला पाहण्यात रस होता, ठेवण्यात नव्हता. मला आहे. वाशीमच्या एका बाईनं उन्हात बसून हे पाहिलं, त्याला पुरावा पाहिजे. उद्या कोणी म्हणेल टिटवी कुठे पोट भिजवते, तर काच समोर धरीन. हे भांडण तुझ्याशीही आहे, आणि तू उत्तर देऊ शकत नाहीस म्हणून मी ते सोडणार नाही.

सप्तमी

आज सकाळी गणपत आला. मी त्याला बैठकीत नेलं. तिथं गादीच्या वर दादांची तसबीर आहे, अकोल्याच्या फोटोवाल्याकडची, फेटा आणि काठी घेऊन काढलेली, कपाटाच्या दाराएवढी. मी स्टुलावर चढून ती उतरवली आणि मागचे खिळे काढायला लागले.

"हे तं मोठ्या मालकाची हाये बाई!" गणपत म्हणाला.

"हो. काच काढून घे. तुकडे पाडून बसव."

"त्याइले इचारलं काय?"

"त्यांनीच सांगितलं, घरात सरस नको. फोटोच्या कागदावर तोच असते."

गणपत हसू दाबत होता. मग एकदम सरळ उभा राहिला. दारात दादा होते, देवळात निघालेले, हातात अक्षतांची थाळी. त्यांनी भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे पाहिलं, स्टुलाकडे पाहिलं. मी पदर ओढला नाही. खिळा काढायचा होता, दोन्ही हात गुंतले होते.

"काठानं चीर हाये त्या काचेले," ते म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले. "तेवढं सोडून कापायले लाव."

आणि गेले.

काच गणपतनं नेली. तसबिरीतला फोटो मी गुंडाळी करून, फडक्यात बांधून तुझ्या पेटीत काचांशेजारी ठेवला. पेटी आता माझ्या खोलीत आहे आणि किल्ली माझ्या कमरेला.